यूएपीए-मकोकात मोफत वकील: ठाण्यातली सोय कितपत पुरते?

यूएपीए (बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायदा) किंवा मकोका (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) याखाली अटक झाली की घरचे वकिलाच्या फीची जुळवाजुळव करत बसतात आणि तोवर पहिला रिमांड उरकतो. ठाण्यात कोर्ट नाक्यावर जिल्हा न्यायालयाच्या आवारात मोफत वकील देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोनवर १५१००. ही सोय घ्यावी आणि पहिल्याच दिवशी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सर्वात जमेची बाजू म्हणजे विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अटच नाही. तरी लोक दाखल्यासाठी तहसीलच्या खेपा घालतात. अर्जात ‘आरोपी कोठडीत आहे’ हे ठळक लिहा. पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि अटकेची तारीख द्या. आरोप दहशतवादाचा आहे म्हणून मदत नाकारता येत नाही. वकिलाला वरून पैसे द्यायचे नाहीत.

वकील मिळाला की पहिली मागणी अटकेच्या लेखी कारणांची. प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यूएपीएतही ती देणं बंधनकारक ठरवलं. अटकेच्या मेमोतली साचेबंद वाक्यं चालत नाहीत, त्या माणसाविरुद्ध नेमकं काय आहे ते हवं.

खरी कसोटी मात्र तारखांची. यूएपीएच्या कलम ४३-डी(५) मुळे आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तरी जामीन अडतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालानंतर त्या टप्प्यावर पुरावा खोलात तपासून घेणंही अवघड झालं. म्हणून डिफॉल्ट जामिनाची, म्हणजे मुदतीत चार्जशीट न आल्यास हक्काने मिळणाऱ्या जामिनाची, संधी सोन्यासारखी जपावी लागते. मुदत ९० दिवसांची, आणि २०२३ च्या कपिल वाधवान निकालानुसार पहिल्या रिमांडचा दिवस त्यात धरायचा. रिमांड १ जूनला झाला तर नव्वदावा दिवस २९ ऑगस्ट. तोवर चार्जशीट आली नाही आणि मुदतवाढही मिळाली नाही, तर ३० ऑगस्टला कोर्ट उघडताच अर्ज दाखल झाला पाहिजे. दुपारी चार्जशीट आली आणि अर्ज त्यानंतर गेला, तर हक्क संपला.

दोन्ही कायद्यांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते, पण त्यासाठी सरकारी वकिलाचा अहवाल लागतो. त्यात तपासाची प्रगती आणि कोठडीत ठेवण्याची ठोस कारणं असावी लागतात. त्या सुनावणीला आरोपी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर हजर हवा, हे २०२२ च्या जिगर निकालात आलं आहे. नुसतं ‘तपास बाकी आहे’ लिहिलेल्या अहवालावर तिथेच हरकत घ्यायची असते. इथेच ही सोय तोकडी पडू शकते: प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या प्रत्येक वकिलाने यूएपीए चालवलेला असतोच असं नाही. नेमणुकीआधीच प्राधिकरणाच्या सचिवांकडे अनुभवी वकील लेखी मागा. नंतर बदलूनही मागता येतो. तारखांची वही घरच्यांनीही ठेवावी.

आरोपी तळोजा कारागृहात गेला की वकीलपत्रावर त्याची सही आणि कारागृहाचं साक्षांकन लागतं. त्यात दिवस मोडतात, म्हणून पोलीस कोठडीत असतानाच कोर्टात दोन-तीन प्रतींवर सह्या घेऊन ठेवा. तपास एनआयएकडे (राष्ट्रीय तपास यंत्रणा) गेला तर खटला मुंबईच्या विशेष न्यायालयात जातो. ठाण्यातली नेमणूक तिथे आपोआप चालेल असं धरू नका, नवा अर्ज करा. विशेष न्यायालयाने जामीन फेटाळला तर एनआयए कायद्याच्या कलम २१ खाली ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करायचं असतं, आणि त्यासाठी उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे वेगळा अर्ज लागतो.