विंटेज स्ट्रॅट पिकअप, आठ महिन्यांनी: तिसरी तार ऐकेचना

स्ट्रॅट म्हणजे स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार; पिकअप म्हणजे तिच्या तारांची कंपनं वीजसंकेतात बदलणारे चुंबक आणि गुंडाळी. आवाजाबद्दल तक्रार नाही. अल्निको 5 चुंबक, 42 गेजची फॉर्मवार लेपाची तांब्याची तार, क्लीनवर (आवाज न फाडता) नेक, म्हणजे मानेजवळचा पिकअप घंटेसारखा वाजतो. डोकं उठवलंय ते तिसऱ्या तारेने, म्हणजे जी ने.

1954 साली स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा जी गुंडाळलेली, म्हणजे वरून बारीक तार वेढलेली असायची. तिचा आवाज दबका, म्हणून तिच्याखालचा चुंबक उंच ठेवला. आज 10-46 (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) तारांच्या सेटमध्ये जी साधी, 17 ची; चुंबक मात्र ‘विंटेज’ म्हणून तसाच उंच. त्यामुळे कॉर्ड वाजवा, जी बोंबलते आणि शेजारची बी, जिचा चुंबक सगळ्यात बुटका, ती गायब. फिंगरबोर्ड (बोटं दाबायची पट्टी) 12 इंच रेडियसच्या गोलाईचा, म्हणजे बराच सपाट असेल तर अजूनच.

उंच चुंबक अंगठ्याने खाली ढकलायचा मोह होतो. नका ढकलू. जुन्या पद्धतीत तांब्याची तार थेट चुंबकांवर गुंडाळतात आणि ती असते जेमतेम 0.06 मिमी जाडीची. चुंबक सरकला की आतला वेढा तुटतो, मीटर ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवतो, पिकअप गेला.

पहिले तीन महिने रेटिंगमध्ये एकच तारा द्यायचा ठरलं होतं. मग उंची बदलली. शेवटचा फ्रेट (फिंगरबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) दाबून तार आणि चुंबक यांतलं अंतर मोजायचं: नेहमी सांगतात ते जाड तारेखाली 2.4 मिमी, बारीक तारेखाली 2. नेक आणि मधला पिकअप 3.5 मिमीपर्यंत उतरवले तर जी चा आगाऊपणा बराच कमी होतो, कारण लांबून चुंबकांच्या उंचीतला फरक तारांना कमी जाणवतो. जाड ई (सहावी तार) बाराव्या फ्रेटच्या वर डगमगत बेसूर होते, तेही थांबतं. ती चुंबकाची ओढ असते. आवाज थोडा घटतो, तो अँपवर वाढवा. आता तीन तारे.

मीटरच्या आकड्यांवरून भांडू नका. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. 25 अंशांना 5.9 किलोओहम दाखवणारा पिकअप नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटे 5.6 दाखवेल, एप्रिलच्या दुपारी 6.2. माल तोच.

घेताना तिघांचा सेटच घ्या. मधला उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवाचा असेल तरच स्विचच्या दुसऱ्या-चौथ्या पोझिशनला (दोन पिकअप एकत्र) घरघर मरते. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात वाजवत असाल तर पिकअपला शिव्या देण्याआधी प्लगच्या तिसऱ्या पिनला अर्थिंग आहे का ते बघा.

पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचे) 250 केचे, म्हणजे 250 किलोओहमचेच ठेवा. पिकअपची कापडी वायर लगेच कापू नका, गुंडाळून पिकगार्डखाली (पिकअप बसवलेल्या पातळ पत्र्याखाली) कोंबा. ‘वायर कापलेला माल परत नाही,’ हे दुकानदाराने पैसे घेतल्यावर सांगितलं. मी कापली होती सहा सेंटिमीटर!

गुंडाळलेली जी लावून बघायची तर नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच रुंद करावी लागते, आणि बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं, विसरायचं. त्यापेक्षा मागवतानाच ‘फ्लॅट पोल’ असं बिलावर लिहून घ्या. गुंडाळी हीच, चुंबक सगळे एका उंचीचे. नुसतं ‘विंटेज’ म्हणालात की उंच जी वालाच पुडा हातात पडतो.