सिंगापुरात शाकाहारी जेवायचं कुठे? चिनी व्हेज, लिटल इंडिया की साधं हॉकर सेंटर

सिंगापूरला निघालेला मराठी शाकाहारी माणूस बॅगेत मेतकूट आणि दशम्या भरतो आणि संध्याकाळी लिटल इंडिया गाठायचं असं मनाशी ठरवून टाकतो. यात चूक काही नाही. पण तिथे चिनी लोकांची स्वतःची शाकाहारी हॉटेलं आहेत, तीही चिकार, आणि आपल्याकडचे बरेच जण त्यांच्या दारावरून तसेच पुढे जातात. चिनी म्हटलं की व्हेज कसलं असणार, ही शंका सुटत नाही.

आधी ही शंकाच मिटवू. ही हॉटेलं बौद्ध आचारावर चालतात. मांस, मासे तर नाहीतच, पण परंपरेने चालणाऱ्या ठिकाणी कांदा, लसूण, पातीचा कांदाही नसतो. चिनी बौद्धांच्या निषिद्ध यादीत हिंगसुद्धा आहे, म्हणजे त्या बाबतीत ते आपल्या चातुर्मासाच्याही पुढे गेले. भांडी, कढई, तेल सगळं वेगळं, कारण त्या स्वयंपाकघरात मांस येतच नाही. पाटीवर बहुधा उलट्या दिशेचं स्वस्तिक दिसतं, तेच ओळखायची खूण. बहुतेक मोठ्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एकाच छपराखाली खाण्याचे अनेक छोटे स्टॉल असलेल्या जागेत, असा एखादा स्टॉल सापडतो. एकाच जागी बरीच हॉटेलं हवी असतील तर मिडल रोडवरचं फॉर्च्यून सेंटर गाठा. शेजारच्या वॉटरलू स्ट्रीटवर क्वान यिन देवीचं मंदिर आहे आणि त्याला लागूनच श्रीकृष्ण मंदिर. देवीला आलेले चिनी भाविक कृष्णापुढेही उदबत्ती लावून जातात. दर्शन आणि जेवण एका फेरीत उरकतं.

आता ताटाकडे. इथे खरी अडचण येते, आणि ती धर्माची नसून डोळ्यांची आणि जिभेची आहे. ‘मटण’, ‘बदक’, ‘मासा’ अशा नावांचे पदार्थ समोर येतात. ते बनतात गव्हाच्या ग्लुटेनपासून, सोयापासून, टोफूच्या सालींपासून, मशरूमच्या देठांपासून. इथले कित्येक गिऱ्हाईक जन्माचे शाकाहारी नसतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी ते व्रत म्हणून मांस सोडतात, आणि त्या दिवशीही त्यांना ओळखीची चव हवी असते. आपल्यातल्या ज्याने आयुष्यात मांस खाल्लेलं नाही त्याला मात्र ती रेषारेषांची, चामट फोड दाताखाली आली की कसंसंच होतं. मशरूमच्या देठांचं साटे (काडीला लावून भाजलेले तुकडे) मला मनापासून आवडतं. सोयाला समुद्री शेवाळाची साल लावून केलेला ‘मासा’ मी पुन्हा मागवणार नाही, त्याला वासही तसाच येतो.

म्हणून सुरुवात बी हूनपासून करा. तांदळाच्या बारीक शेवया परतून त्यावर तळलेली टोफूची साल, कोबी आणि हवं तर एखादा नकली तुकडा. सकाळच्या नाश्त्याला हा प्रकार पोह्यांइतकाच सरावाचा वाटायला लागतो. त्यानंतर लाक्सा. नारळाच्या दुधाचा हा झणझणीत रस्सा इतरत्र शाकाहाऱ्याला जवळपास वर्ज्यच, कारण त्याच्या वाटणात सुकी कोळंबी असते. इथे तो निर्धास्त खाता येतो, आणि कोकणातल्या माणसाला तर फारच जवळचा वाटेल. एक गोष्ट मात्र विचारून घ्या: अंडं. काही ठिकाणी ते चालतं, आणि विकत आणलेल्या नकली मांसात अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधाचे घटक असू शकतात. जैन मंडळींना ही हॉटेलं सोयीची नाहीत. कांदा-लसूण नसला तरी गाजर, मुळा, अरवी आणि मशरूम जागोजागी आहेत.

साध्या हॉकर स्टॉलवर ‘नो मीट’ सांगून जेवता येईल का? माझ्या मते नाही. वरचे तुकडे काढून देतील, रस्सा तोच राहील. पालेभाजीवर कालवांचा ऑयस्टर सॉस, कांगकोंग या पालेभाजीत कोळंबीची पेस्ट, रोजाक या फळा-भाज्यांच्या सॅलडमध्येही तीच, चार क्वे त्याओ या परतलेल्या नूडल्समध्ये डुकराची चरबी. डाळ-भाताच्या आशेने इकॉनॉमी राइसच्या, म्हणजे भातावर हव्या त्या भाज्या वाढून देणाऱ्या काउंटरवर गेलात तर एका भाजीचा डाव सरळ दुसऱ्या भांड्यात जाताना दिसेल. निरागस दिसणाऱ्या काया टोस्टच्या नारळाच्या जॅममध्येही अंडं असतं. तिथे उसाचा रस प्या, कापलेली फळं खा आणि पुढे चला.

लिटल इंडियाबद्दल फार सांगायला नको. सेरांगून रोडवरचं कोमला विलास 1947 पासून आहे. डोसा, भात, सांबार, खात्रीच खात्री. आजी-आजोबा बरोबर असतील, किंवा परक्या वासानेच ज्याचं जेवण जातं असं कुणी असेल, तर इथेच या. आणखी एक: गाडीवरचं मंच्युरियन, शेजवान राइस यांची तल्लफ आली तर तीही इथल्याच उत्तर भारतीय हॉटेलांत भागेल. चिनी व्हेज हॉटेलात ती लाल चटणी शोधू नका. तिथलं जेवण सौम्य असतं. टेबलावरची मिरची घेऊन चव वाढवावी लागते आणि मीठ कमीच वाटतं.

पैशांचं म्हणाल तर हॉकरमधला चिनी व्हेज स्टॉल सर्वांत स्वस्त, मोजक्या डॉलरमध्ये पोट भरतं. बऱ्याच ए.सी. हॉटेलांत मेनूवरच्या किमतीला 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यावर 9 टक्के जीएसटी लागतो. न मागता ठेवलेले शेंगदाणे आणि ओले रुमालसुद्धा बिलात येऊ शकतात, नको असतील तर लगेच परत द्या. हॉकर सेंटरमध्ये ट्रे स्वतः उचलून ठेवायचा असतो, नाही ठेवला तर आधी समज आणि पुन्हा पकडले गेलात तर दंड होऊ शकतो.

वेळेचा हिशोबही पाहा. बी हूनचे स्टॉल सकाळ-दुपारचे, संध्याकाळी बहुतेक बंद. त्यामुळे मी दुपार चिनी व्हेजला आणि रात्र लिटल इंडियाला देईन. फॉर्च्यून सेंटरजवळच्या बुगिस स्टेशनहून मेट्रोच्या डाउनटाउन लाइनवर लिटल इंडिया दुसरंच स्टेशन आहे. दोनच दिवसांसाठी जाणार असाल आणि घरचे सगळे खाण्याच्या बाबतीत कटकटे असतील, तर प्रयोग एकाच दुपारी करा, आणि तोही चांद्र पहिली-पंधरावी टाळून. पहिली-पंधरावीला फॉर्च्यून सेंटरमध्ये बाराच्या आधी पोहोचलात तर जागा मिळते, नंतर रांग.