टॅमरॉन २८-७५ जी२, अकरा महिन्यांनंतर: ते चार मिलिमीटर काही डोक्यातून जात नाहीत

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती पुन्हा उगाळत नाही. बॉडी (कॅमेरा) सोनी ए७ फोर, लेन्स टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ जी२ (२८ ते ७५ मिमीची झूम; आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद), आणि काम बहुतेक नागपुरातल्या लग्नाच्या लॉनवरचं. अकरा महिने झाले. तक्रार एकच आहे: ही लेन्स २८ ऐवजी २४ मिमीपासून का सुरू होत नाही?

हसू नका, हिशेब बघा. रिसेप्शनला स्टेजसमोर उभं राहायला जेमतेम ३ मीटर मिळतात. मागे पाकिटं घेऊन उभी असलेली लाइन, तिच्यामागे व्हिडिओवाल्याचा ट्रायपॉड. ३ मीटरवर २४ मिमीला साडेचार मीटर रुंदी मावते, २८ ला ३.८५. खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला ४५ सेंमी धरले तर २४ मध्ये दहा माणसं बसतात, २८ मध्ये साडेआठ. आणि ते अर्धं माणूस हमखास जावई निघतं.

दहाही जण हवे असतील तर साडेतीन मीटरवर जावं लागतं. मोकळ्या लॉनवर अर्धा मीटर मागे सरकणं काहीच नाही. पण नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात हळद असली की पाठ आधीच भिंतीला टेकलेली असते. मग "काका, थोडे आत सरका ना" हाच एक उपाय उरतो. लांबच्या टोकाला सोय आहे: क्रॉप मोड (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणं) लावला की ७५ चे ११२ होतात. ३३ मेगापिक्सेलचे सुमारे १४ राहतात, पण अल्बमच्या पानाला तेवढे पुरतात. रुंदीच्या बाजूला असली कुठलीच पळवाट नाही.

हे पहिल्या सहा महिन्यांचं मत. त्यानंतर ग्रुप फोटोंच्या कडा शंभर टक्के झूम करून बघितल्या आणि सूर थोडा खाली आला. रुंद लेन्समध्ये कडेच्या माणसाचं डोकं आडवं ताणलं जातं. फ्रेमच्या अगदी टोकाला २४ मिमीवर हा ताण सुमारे २५ टक्के येतो, २८ वर १९, आणि ३५ वर १२. हा लेन्सचा दोष नव्हे, सपाट सेन्सरची भूमिती आहे. लेन्स प्रोफाइल (एडिटिंगमधली त्या लेन्ससाठीची तयार दुरुस्ती) लावून तो जात नाही, कारण प्रोफाइल वाकलेल्या रेषा सरळ करतं, हा ताण काढत नाही. म्हणजे २४ असती तर जावई फ्रेममध्ये आले असते, पण सव्वापट रुंद होऊन. आता ग्रुपसाठी झूम ३५ वर ठेवायची, साधारण साडेचार मीटर मागे जायचं आणि लाइन दोन मिनिटं थांबवायची. चिडचिड तरीही गेलेली नाही. माणसांच्या फोटोत २८ चालते. मंडप, कमान, सजावट यांना २४ च लागते.

७५ च्या टोकाबद्दल मात्र बोलायला जागाच नाही. फोकस इतका चटकन बसतो की हार घालतानाचे फोटो चुकले तर दोष आपलाच. फक्त एफ/२.८ च्या, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवण्याच्या, मोहात राहू नका. ७५ वर २ मीटर अंतराला शार्प पट्टा जेमतेम १२ सेंमीचा असतो. नवरीच्या मुंडावळ्यांचा मणी न मणी दिसतो आणि अर्धं पाऊल मागे उभा नवरदेव पुसट येतो. जोडीला एफ/४, दोन रांगांना एफ/५.६. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचा हलका थरकाप सांभाळणारी सोय) नाही, ते बॉडीवर सोपवा. सोनीच्या बॉडीवर थर्ड पार्टी (दुसऱ्या कंपनीच्या) लेन्सला सेकंदाला १५ फ्रेमची मर्यादा आहे म्हणून काही जण नाक मुरडतात, पण ए७ फोर मुळात दहाचाच आहे. खरी अडचण व्हिडिओत येते: सोनीचं ब्रीदिंग कॉम्पेन्सेशन (फोकस बदलताना फ्रेम किंचित लहान-मोठी होते ते सावरणारी सोय) या लेन्सला मिळत नाही.

२८ चा एक अनपेक्षित फायदा म्हणजे क्लोजअप. तिथे किमान फोकस अंतर १८ सेंमी आणि मोठेपणा १:२.७, म्हणजे जवळजवळ १० सेंमी रुंदीची फ्रेम. आपलं एक संत्रं तीत मजेत भरतं, सालीवरची छिद्रंसुद्धा मोजून घ्या. पण ते १८ सेंमी सेन्सरपासून मोजलेले असतात. लेन्सच्या तोंडापासून उरतात साडेचार सेंमीच्या आसपास, आणि लेन्सचीच सावली संत्र्यावर पडते. हूड (लेन्सच्या तोंडावरची कड) काढा, उजेड बाजूने घ्या. अंगठ्यांचे फोटोही असेच निघतात.

दुकानातून लेन्सबरोबर "फ्री" मिळणारा यूव्ही फिल्टर स्टेजच्या एलईडीसमोर लावू नका. प्रत्येक दिव्याचं हिरवट भूत फ्रेमच्या समोरच्या कोपऱ्यात उमटतं आणि ते नेमकं कुणाच्या तरी शालूवर बसतं. फिल्टर अडकला तर पक्कड नको. रुंद रबरबँड कडेला गुंडाळून हलक्या हाताने फिरवा, जोरात आवळून धरला की रिंग वाकून आणखी अडकते.

इथल्या हवेचं एक सांगतो. मे महिन्यात एसी हॉलमधून ४५ डिग्रीत बाहेर आलात तरी काचेवर वाफ धरत नाही, कारण हवा कोरडी असते. जुलैत त्याच हॉलमधून बाहेर पडा, काच क्षणात पांढरी. तेव्हा बॅगची चेन लावूनच बाहेर यायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं ती उघडायची नाही. पण बुरशी फक्त पावसाळ्यात लागते हा गैरसमज आहे. भर नवतपात (मे अखेरचे सर्वांत तापते नऊ दिवस) वाळ्याच्या कूलरसमोर ठेवलेली बॅग पावसाळ्याइतकीच ओल पिते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा) ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे.

आता परत त्या चार मिलिमीटरवर. सोनीची २४-७० जीएम टू ६९५ ग्रॅमची, फिल्टर ८२ मिमीचा, किंमत दुपटीहून जास्त. ही ५४० ग्रॅमची, फिल्टर ६७ चा. म्हणून काटकसरीचा मार्ग धरला: टॅमरॉनचीच २० मिमी एफ/२.८, २२० ग्रॅम, फिल्टर तोच ६७ चा. फोकसची मोटर कुरकुर करते, त्यामुळे व्हिडिओला नको. पण मारबतीच्या दिवशी नागपूरच्या इतवारीच्या गल्लीत अख्खी पिवळी मारबत (मिरवणुकीतला भलामोठा पुतळा) आणि तिच्याभोवतीची गर्दी एका फ्रेममध्ये मावते. लेन्स मात्र गल्लीत शिरण्याआधीच बदला, धुळीत सेन्सर उघडा करू नका. दोन्ही मिळून ७६० ग्रॅम होतात, म्हणजे जीएमपेक्षा ६५ ग्रॅम जास्तच. खांद्याला कळतं, पण खिशाला नाही.