निळं ऑर्किड घेताय? आधी दांडा बघा

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी 30 निळी ऑर्किड घेतली आणि त्यांतली 27 माझ्या हातांनी लोकांना विकली. ती निळी नव्हतीच. पांढऱ्या ऑर्किडच्या दांड्यात सुईने रंग भरलेला होता. हे मला कळायला जवळजवळ वर्ष गेलं, आणि तोवर माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ती झाडं 27 घरांत जाऊन बसली होती.

साताऱ्यात गोडोलीला माझी छोटी नर्सरी आहे. घराशेजारची तीन गुंठे जागा, वर हिरवी शेडनेट, खाली गुलाब, जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, पावसाळ्यात आंब्याची कलमं. माल उतरवून घेताना मी मुळं बघते, पान उलटून पांढरी माशी बघते, कलमाचा सांधा बघते. फुलाचा रंग खरा की भरलेला, हे तपासायचं असतं हे इतक्या वर्षांत कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तो माणूस माझ्या नेहमीच्या माल टाकणाऱ्यांपैकी नव्हता. टेम्पोतून खोकी उतरवली, एका कुंडीचा कागद सोडला आणि मी बघतच राहिले. शाईच्या दौतीत बुडवून काढावीत तशी गडद निळी फुलं, एका दांड्यावर सात-आठ, टोकाला दोन कळ्या. जातीचं नाव फॅलिनॉप्सिस, म्हणजे फुलपाखरासारखं रुंद पाकळ्यांचं जे ऑर्किड हल्ली हॉटेलांत आणि लग्नाच्या स्टेजवर दिसतं, ते. तो म्हणाला, "ताई, हॉलंडची व्हरायटी आहे. पांढरं 400 ला देतो, हे 650 ला. दरवर्षी असंच निळं फुलणार." मी विचारलं, "नक्की ना? गिऱ्हाइकाला मी हेच सांगणार." तो म्हणाला, "बिनधास्त सांगा."

30 कुंड्यांचे 19,500 रुपये रोख दिले. हातात पडली ती साध्या कागदावरची कच्ची पावती. 950 ला एक याप्रमाणे मार्चअखेर 27 गेल्या. कुणी मुलीच्या वाढदिवसाला नेलं, कुणी नव्या घराच्या वास्तुशांतीला. प्रत्येकाला मी सांगितलं, "जपलंत तर दरवर्षी निळं येईल." हे वाक्य मी 27 वेळा बोलले आहे.

खूण तेव्हाच दिसली होती. दोन-तीन कुंड्यांच्या बशीत पाणी निळसर उतरलं होतं आणि एका कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे एका बाजूने निळे झाले होते. मला वाटलं, बुरशीसाठी मोरचूद टाकलं असेल. आमच्या धंद्यात निळं पाणी म्हटलं की आधी मोरचूदच आठवतं.

मे महिन्यात फुलं गळली. त्यात नवल नव्हतं, या जातीची फुलं दोन-तीन महिने टिकतात. पावसाळाभर झाडांनी पानं आणि मुळं काढली. फॅलिनॉप्सिसला नवा दांडा यायला काही आठवडे रात्रीचा गारवा लागतो, आणि तो साताऱ्याच्या डिसेंबरात आपोआप मिळतो. त्यामुळे ज्यांनी पाणी बेताने घातलं, त्यांच्या झाडांना दांडे आले. फसवणूक उघडी पडली ती यामुळेच. बहुतेक लोक फुलं गळाली की ऑर्किडची कुंडी टाकून देतात, आणि असा माल विकणाऱ्याचा सगळा हिशेब त्यावरच चालतो.

जानेवारीच्या शेवटी शाहूपुरीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. मी त्यांना बाई म्हणते. त्यांचा आवाज अगदी उतरलेला होता. "अगं, तुझं ऑर्किड फुललं, पण पांढरं फुललं गं. माझं काही चुकलं का? मी एकदा तांदळाचं धुवण घातलं होतं." सत्तरी ओलांडलेली बाई, वर्षभर त्या झाडाला खिडकीतल्या उन्हाप्रमाणे फिरवत होती, आणि दोष स्वतःकडे घेत होती. "बाई, तुमचं काही चुकलं नाही, मी बघते," असं म्हणून मी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात असेच आणखी चार फोन आले. प्रत्येकाला आपल्याच हातून काहीतरी बिघडलं असं वाटत होतं. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं.

त्या माणसाला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. "ताई, तुमच्याकडचं पाणी क्षाराचं आहे. मातीचा सामू, म्हणजे आम्लपणा, बदलला की रंग जातो. हायड्रेंजिया बघितलाय ना? तसंच. निळ्यासाठी वेगळं औषध येतं, 180 ला बाटली." आणि मी दुसऱ्यांदा फसले, कारण हायड्रेंजियाचं तो बोलला ते खरं आहे. आम्ल मातीत त्याचं झाड अॅल्युमिनियम शोषून घेतं आणि फुलं निळी येतात, चुनखडीच्या मातीत तीच गुलाबी होतात. खऱ्या गोष्टीला खोटी गोष्ट बांधून दिली की ती सहज गळी उतरते. 12 बाटल्या मागवल्या, 2,160 रुपये. त्यातल्या 9 मी गिऱ्हाइकांना दिल्या. बाटलीत काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही, लेबलवर घटक छापलेलेच नव्हते.

माझी भाची वनस्पतिशास्त्र शिकते. ती रविवारी आली, माझ्याकडे उरलेल्या तीन कुंड्या बघितल्या आणि विचारलं, "मावशी, जुना दांडा कापला नाहीस ना?" एका कुंडीवर तो वाळून तसाच उभा होता. तिने भिंग धरलं. तळापासून चारेक बोटांवर टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका होता. मला तो डाग वाटायचा. तिने नखाने खरवडल्यावर मेणासारखा एक कण निघाला आणि खाली भोक दिसलं. मग ब्लेडने दांडा उभा चिरला. भोकाच्या भोवती काळपट निळं, आणि तिथून वर जाणाऱ्या बारीक निळ्या रेषा, सुईत ओवलेल्या दोऱ्यासारख्या. भोकाच्या खाली मात्र जेमतेम बोटभर निळसर झाक आणि पुढे साधा वाळका दांडा. मी ते दोन तुकडे हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले.

प्रकार असा आहे. पांढऱ्या ऑर्किडचा दांडा कळ्यांवर आला की त्यात भोक पाडून रंग सोडतात आणि भोक मेणाने किंवा गोंदाने बुजवतात. दांड्यातल्या जलवाहिन्या पाण्याबरोबर रंगही वर खेचतात आणि उमलणारी फुलं निळी होतात. झाडाच्या जातीत काहीच बदल झालेला नसतो, म्हणून पुढचा दांडा पांढराच फुलतो. जखमेतून कूज शिरण्याचा धोका वेगळाच. माझ्या एका कुंडीचा दांडा भोकापाशीच काळा पडला होता, ते तेव्हा मी जास्त पाण्यावर ढकललं होतं.

ही युक्ती नवी नाही आणि तिच्यात गुन्हाही नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका मोठ्या नर्सरीने 2011 मध्ये अशी निळी ऑर्किड बाजारात आणली, तेव्हा पुढची फुलं पांढरी येतील हे सांगून विकली. सांगून विकलं तर घेणारा आपला विचार करून घेईल. मला राग आहे तो "दरवर्षी निळं येईल" या वाक्याचा.

शाईसारखं निळं फॅलिनॉप्सिस निसर्गात नाही. जांभळट छटेच्या काही जाती आहेत, पण तो रंग वेगळा. निळ्यासाठी बहुतेक फुलांना डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य लागतं आणि ते या झाडाला बनवता येत नाही. जपानच्या चिबा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यासाठी केण्याच्या भाऊबंदातल्या एका झाडाचं जनुक या ऑर्किडमध्ये घातलं, तेव्हा कुठे निळसर फुलं आली. केणा म्हणजे आपल्या बांधावर पावसाळ्यात माजतो आणि ज्याच्या पानांची भजी करतात, तोच. गुलाबाचंही तसंच. जपानी कंपनीने जनुक बदललेला 'निळा' गुलाब 2009 मध्ये विकायला काढला, तोही दिसायला लव्हेंडरकडे झुकणारा आहे. एवढं करून जे जमत नाही, ते टेम्पोतून 650 रुपयांना येईल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. आपल्याकडे खरोखर निळसर फुलणारं ऑर्किड म्हणजे मेघालयाच्या खासी टेकड्यांकडची निळी वांडा. तिच्या पाकळ्यांवर जाळीदार नक्षी असते आणि तिला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

भाचीने त्याच संध्याकाळी राजवाड्याजवळून निशिगंधाच्या चार छड्या आणल्या. दोन छड्यांची देठं तिरकी कापून केकच्या निळ्या रंगाच्या पाण्यात ठेवली, दोन साध्या पाण्यात. रात्री जेवणं आटोपेपर्यंत पाकळ्यांच्या कडांना निळी रेघ आली होती आणि सकाळी शिरा न् शिरा दिसत होती. घरी करून बघा, एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही. सणासुदीला मिळणारा निळा-हिरवा निशिगंध, निळी शेवंती, बुकेतली भडक निळी डेंड्रोबियम (हेही ऑर्किडच) हे सगळं याच रीतीने होतं. काही फुलांवर नुसता स्प्रेही मारतात. हारात घाला, सजावटीला वापरा, माझं काही म्हणणं नाही. पण केकवर किंवा जेवणाच्या ताटात अशी फुलं मांडू नका, आत कुठला रंग गेलाय ते दुकानदारालाही माहीत नसतं. ताटात निळं फूल हवंच असेल तर दारातली गोकर्ण आहे.

आता घेताना बघायचं काय, तर सगळ्यात आधी दांडा. तळापासून फुलांपर्यंत बोट फिरवा. एखादा बुजवलेला ठिपका, मेणाचा कण किंवा गोंदाचा थेंब लागला तर ते भोक आहे. मग पाकळी उजेडाकडे धरा. भरलेल्या रंगात शिरा पाकळीपेक्षा गडद असतात आणि रंग कडेला साचलेला दिसतो. पाकळीची मागची बाजू आणि फुलाचा देठही निळा आहे का बघा. मुळं एरवी हिरवी-चंदेरी असतात, त्यांच्यावर निळे डाग असतील किंवा बशीत निळं पाणी असेल, तर माझ्यासारखं मोरचूद म्हणून सोडून देऊ नका. स्प्रेचा रंग ओल्या कापसाला लागतो. आणि विकणाऱ्याला एकच सांगा, "पुढचं फूलही निळंच येईल, असं बिलावर लिहून द्या." खरं बोलणारा लगेच सांगेल की रंग भरलेला आहे.

बिलाचं महत्त्व मला वकिलाकडे गेल्यावर कळलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा 'ग्राहक' धरला जात नाही. म्हणजे मी त्या माणसाविरुद्ध ग्राहक आयोगात जाऊ शकत नाही, पण माझी गिऱ्हाइकं माझ्याविरुद्ध जाऊ शकतात, आणि ते योग्यच आहे. बाकीचे मार्ग उरतात, पण माझ्याकडे पक्कं बिल नाही, त्याचं पूर्ण नाव नाही, पत्ता नाही. शेवटचा फोन केला तेव्हा तो म्हणाला, "फुलं बघूनच घेतलीत ना?" त्यानंतर नंबर बंद. तुम्ही घरासाठी झाड घेतलं असेल आणि फसला असाल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. नर्सरीवाल्यांनो, आपल्याला तोही आधार नाही, म्हणून नवा माणूस माल घेऊन आला तर पक्क्या बिलाशिवाय टेम्पो उतरवू देऊ नका.

27 पैकी 20 जण मला सापडले. प्रत्येकाकडे गेले, त्या औषधाचे पैसे ज्यांनी दिले होते त्यांना परत केले आणि उरलेल्या बाटल्या आणल्या. 16 जणांना 950 रुपये दिले, चौघांनी घेतले नाहीत. बाईंनीही घेतले नाहीत. त्यांच्या खिडकीत पाच पांढरी फुलं होती, नितळ, मधोमध पिवळी जीभ असलेली. झाड आधीच्यापेक्षा जोमदार दिसत होतं. मी त्यांना दांड्याचा तो चिरलेला तुकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि विचारलं, "म्हणजे माझ्या तांदळाच्या पाण्याने काही झालं नव्हतं?" मी म्हटलं, "नाही बाई. तुम्ही जपलंत म्हणूनच ते फुललं."

सात जण राहिलेत. त्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत. गेल्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये गोडोलीतून कुणी निळं ऑर्किड नेलं असेल, तर दुकानात या. पावती नसली तरी चालेल, कुंडी आणली नाहीत तरी चालेल. आणि ते औषध कुणाकडे उरलं असेल, तर झाडाला घालू नका.