तीन सायकली विकून एक घेतली : एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

पाऊण लाखाच्या सायकलसोबत एक पाकीट मिळतं. त्यात घंटी, दोन रिफ्लेक्टर, एक ॲलन की आणि कुठल्या-कुठल्या भाषांतलं जाडजूड माहितीपुस्तक असतं. नसतो तो हँगर. चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर फ्रेमला ज्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो, बोटाच्या दोन पेरांएवढा. पुढे ब्रेक, टायर, गिअर सगळं येईलच, पण माझा राग या तुकड्याचा आहे. लिहिलेलं एकतर्फी वाटलं तर वाटू द्या.

आधी हिशेब. आमचं गाव परतवाड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. संत्र्याचा बगीचा आणि थोडी सोयाबीन-तूर, तिकडे जायला पांदण. घरात सायकली चार झाल्या होत्या. अमरावतीच्या डांबरी रस्त्यासाठी हायब्रिड, पांदणीसाठी जुनी २६ इंची तीन-सात गिअरची, आणि चार इंची टायरची एक फॅट बाईक, जी ‘चिखलात चालते’ म्हणून मित्राने माझ्या गळ्यात मारली होती. (काळ्या मातीत ती चालत नाही. जितका रुंद टायर तितका जास्त चिखल उचलते, एवढंच.) चौथी वडिलांची २८ इंची डबलबार. ती माझी नाही, म्हणून विकायचा प्रश्न नव्हता.

तिघींच्या ट्यूबा वेगळ्या, चेनी वेगळ्या, ब्रेकपॅड वेगळे. एक दुरुस्त करावी तोवर दुसरीची हवा गेलेली. शेवटी तिन्ही काढल्या, वर पैसे घातले आणि एकच हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, घेतली : २९ इंची चाकं, पुढे १२० मिलिमीटर दबणारा फोर्क, शिमानो कंपनीच्या डिओरचे मागचे बारा गिअर, १० ते ५१ दात, पुढे एकच ३२ ची चकती. मागेही सस्पेन्शन असलेली घ्यावी असा सल्ला दोघा-तिघांनी दिला. पण मागचा शॉक आला की त्याचं सील, त्याचं तेल, सांध्यांच्या बेअरिंगा, आणि हे सगळं उघडणारा माणूस पार पुण्या-नागपुरात. तो खर्च आणि ती ये-जा मला नको होती.

गावात पहिला प्रश्न किमतीचा, आणि दुसरा दर वेळी हाच : “भाऊ, स्टँड कुठी हाय?” नाही. शेतात झाडाला टेकवायची, बाजारात भिंतीला. सुरुवातीला लाज वाटायची, आता सवय झाली.

डांबरावर ती हायब्रिडची बरोबरी करत नाही, हे मान्य करूनच घ्या. जाड टायर घुंघुं करत जातात आणि ताशी चाळीसच्या आसपास पाय रिकामे फिरायला लागतात, कारण ३२ ला १० च्या पुढे गिअरच नाही. मला अमरावतीला चाळीसने जायचं नसतं. रस्ता बरा असला की टायरमध्ये हवा थोडी जास्त भरतो, विषय संपला. डांबरासाठी बारीक टायर लावलेल्या चाकांची वेगळी जोडी घ्या असंही कुणी सुचवतं. म्हणजे दोन चाकं, ब्रेकच्या दोन डिस्क, मागच्या गिअरचक्रांची आणखी एक कॅसेट. तेवढ्यात हायब्रिड परत आली असती.

घाटात मात्र तिने पैसे वसूल केले. चिखलदरा अकराशे मीटरच्या वर आहे आणि परतवाड्याहून निघालं की सातशेच्या वर मीटर चढावं लागतं. ३२ ला ५१ लावलं की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम दीड मीटर पुढे सरकते, पण सरकते. जुन्या सायकलवरून घाटातल्या मोथा गावाच्या अलीकडे मी उतरून चालायचो, हिच्यावर बसून राहतो. उतरताना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक एका बोटावर लागतात. जुन्या रिम ब्रेकने वळणावळणावर मनगटं आखडायची, तो प्रकार संपला. फक्त लक्षात ठेवा, मेळघाटातल्या वाटेल त्या जंगलवाटेवर सायकल घालायची नसते. तो व्याघ्रप्रकल्प आहे. सार्वजनिक रस्ता सोडला तर वनखातं अडवणार आणि अडवायलाच पाहिजे.

एका गोष्टीबद्दल मत बदललं. सीट खाली-वर करणारा ड्रॉपर पोस्ट. घेताना मला तो शुद्ध पैशाची नासाडी वाटला होता. हँडलवरचं खटकं दाबायचं आणि सीट खाली, ही चैन शेतकऱ्याला कशाला? पण मागे चाऱ्याचं ओझं बांधून चढणं-उतरणं, घसरत्या पांदणीवर दोन्ही पाय टेकवत जाणं, आणि पुतण्याने हट्ट केला की पान्हा न शोधता त्याच्या मापाची सीट करून देणं, या सगळ्याला तो रोज कामी येतो. आता तो काढून टाकायला कुणी सांगितलं तर मी ऐकणार नाही.

ट्यूबलेसबद्दल मत दोनदा बदललं. आमच्याकडे बाभूळ आहे, बोर आहे आणि बांधाबांधावर सराटा आहे. जुन्या सायकलीच्या ट्यूबवर मूळ रबर कमी आणि चिकट्या जास्त होत्या. हिच्या टायरमध्ये ट्यूब नाही, भोक बुजवणारं पातळ सीलंट आहे, त्यामुळे काटा उपटला की पांढरा दूधासारखा थेंब येतो, चाक अर्धा फेरा फिरवलं की बंद. मार्चपर्यंत मी सगळ्या गावाला हे दाखवत फिरलो. मग मे आला. पारा ४५ वर आणि सायकल पत्र्याच्या शेडमध्ये. बाटलीवर लिहिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी सीलंट आतल्या आत आटलं आणि रबराचे गोळे होऊन टायरमध्ये खुळखुळायला लागलं. त्या आठवड्यात सराट्याने सूड घेतला. आता उन्हाळ्यात थोड्या-थोड्या दिवसांनी घालत राहायचं आणि सायकल घरात, ओसरीवर ठेवायची, असं धोरण आहे.

हिच्या चाकांचा वाल पातळ आहे, गावच्या पंपाला बसत नाही. तीस रुपयांची पितळी टोपी मिळते, ती किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवा. ती टोपी लावली की ट्रॅक्टरच्या टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चालतो, आणि हातपंपाने घामाघूम होऊन न बसणारा ट्यूबलेस टायर तिथे ‘ठक’ करून एका दमात बसतो.

आता हँगर.

जुलैचा शेवट, पाच-सहा दिवसांची झड लागलेली. पांदणीवर काळी माती. ती ज्याने तुडवली नाही त्याला सांगून कळणार नाही : पाणी पिऊन फुगते आणि टायरवर थरावर थर चढत जाते. वर सोयाबीनमधून उपटून फेकलेलं तण त्यात गुंतलेलं. मागे २.४ इंची टायर, आणि टायर आणि फ्रेमच्या मधली जागा इतकी अरुंद की करंगळी जेमतेम जाते. तिथे माती ठासून भरली. मी जोर लावला. हरळीची एक लांब मुळी डिरेलरच्या खालच्या चकतीत गेली, चेनने ओढून घेतली, डिरेलर वाकडा होऊन आऱ्यांकडे गेला आणि कट्. डिरेलर चेनला लोंबकळत होता आणि त्याच्या बोल्टाला हँगरचा अर्धा तुकडा चिकटलेला. तुटलेली कड पांढरीशुभ्र, दाणेदार. बाकी सायकलीला ओरखडाही नाही. सायकल खांद्यावर घेऊन घरी आलो. मातीसकट तिचं वजन किती झालं असेल याचा अंदाज खांद्याला आहे.

विक्रेत्याला फोन केला. उत्तर : हँगर वॉरंटीत येत नाही, तो तुटण्यासाठीच असतो. ठीक. मग मिळेल का? आमच्याकडे नाही, या मॉडेलचा वेगळा येतो, कंपनीकडून मागवावा लागेल. कधी? सांगता येणार नाही. कंपनीच्या ग्राहकसेवेने तक्रार क्रमांक दिला आणि ‘जवळच्या अधिकृत केंद्रात सायकल घेऊन या’ असा निरोप पाठवला. केंद्र दीडशे किलोमीटरवर. सायकल चालत असती तर केंद्र कशाला हवं होतं? पुढचे कितीतरी दिवस रोज एक फोन आणि रोज तेच उत्तर. वस्तू सातशे रुपयांची. वडील डबलबार काढून बगीच्यात निघाले आणि जाता जाता म्हणाले, “तीन इकून एक आनली, अन् थे बी बसली.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार सायकली असताना एखादी बिघडली तर पडून राहायची, दुसरी होतीच. एकच ठेवली की तिचा सगळ्यात कमजोर तुकडा मोडला म्हणजे तुम्ही पायी. एका सायकलीत सगळं भागवायचं तर तिचे मोडणारे तुकडे घरात हवेत, हे दुकानात कुणी सांगत नाही. फोर्क किती मिलिमीटरचा हे मात्र तिघे सांगतात.

शेवटी तुटका तुकडा खिशात घालून परतवाड्यात एका मोटरसायकलच्या गॅरेजवर गेलो. हेतू एवढाच की वेल्डिंग होतं का विचारावं. मिस्त्रीने तुकडा उजेडाकडे धरला, भोकातल्या आट्यांवरून नख फिरवलं, मागच्या डब्यातून स्प्लेंडरचा एक जुना स्पार्क प्लग काढला आणि हाताने फिरवत त्यात घातला. प्लग लोण्यासारखा आत गेला. “भाऊ, हे तं प्लगचेच आटे व्हय.” मी अवाक. दोन्हीचं माप एकच, १० मिलिमीटर व्यास आणि एक मिलिमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. प्लगचे आटे साफ करायचा टॅप त्याच्याकडे होताच, तोच लागणार होता. त्याने भंगारातली ॲल्युमिनियमची जाड पट्टी घेतली, तुटका तुकडा वर ठेवून खिळ्याने आखलं, हॅक्सॉने कापलं, कानशीने घासून फ्रेमच्या खाचेत बसेपर्यंत चार वेळा लावून पाहिलं, मग भोक, मग टॅप. संध्याकाळपर्यंत सायकल उभी. दीडशे रुपये, आणि तेही मीच आग्रहाने दिले.

बारापैकी दोन-तीन गिअरवर ती कुरकुर करायची. हँगर केसभर जरी चाकाला समांतर नसला तरी बारा गिअरला ते खपत नाही. मिस्त्रीने चाकाच्या कडेपासूनचं अंतर पट्टीने वर-खाली मोजून पान्ह्याने थोडा वाकवला, फरक पडला. पण बगीचा, घर, बाजार, सगळं त्यावर झालं.

रागाच्या भरात मी ठरवलं होतं की आता हाच कायम. तसं केलं नाही. विक्रेत्याचं एक म्हणणं खरं आहे : हँगर मऊ ठेवतात ते तो आधी तुटावा आणि कित्येक पट महाग डिरेलर वाचावा म्हणून. फ्रेमचं कान तुटलं तर सायकलच गेली. भंगारातली पट्टी किती कडक आहे कुणास ठाऊक, ती तुटायच्या ऐवजी डिरेलर तुटला तर दीडशे रुपयांची बचत भलतीच महाग पडेल. म्हणून कंपनीचा हँगर एकदाचा आला तेव्हा तो लावला, सोबत आणखी दोन मागवले, आणि मिस्त्रीचा सीटखालच्या पिशवीत ठेवला. तुटण्यासाठीच असलेला तुकडा विकताना सोबत एक जादा का देत नाहीत, या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. घंटी देतात.

नवीन घेणाऱ्याने दुकानात पहिला प्रश्न फोर्कचा विचारू नये. हँगर यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) आहे का, हे विचारावं. सायकलीचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये आणलेलं हे एक सामाईक माप आहे, बऱ्याच कंपन्यांनी ते उचललं, आणि शिमानोचा डिरेलरही त्यावर बसतो. म्हणजे अमक्या मॉडेलचा तमका तुकडा शोधत बसावं लागत नाही. दुसरं, मागच्या टायर आणि फ्रेमच्या मधे स्वतःची करंगळी घालून बघा. सहज फिरली पाहिजे. दुकानाच्या फरशीवर २.४ चा टायर रुबाबदार दिसतो, काळ्या मातीत तोच फावडं होतो.

पैशाचं आणखी एक दुखणं आहे, तेही सांगून टाकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. मी त्याआधी घेतली. पाऊण लाखाच्या बिलावर फरक साडेचार हजारांच्या वर जातो. तेवढ्यात हँगरांची माळ आली असती.

पुन्हा घ्यायची वेळ आली तरी हार्डटेलच घेईन आणि एकच घेईन. तूर्त, जूनच्या आधी मागे २.२५ चा टायर चढवायचा आहे. पुढचा २.४ आहे तसाच राहील, त्याच्यावर अजून बराच माल शिल्लक आहे.