फ्लोरिडाचा मॅनेटी आणि अँटिलियन मॅनेटी

वेस्ट इंडियन मॅनेटी या पाण्यात राहणाऱ्या सस्तन प्राण्याच्या फ्लोरिडाचा आणि अँटिलियन (कॅरिबियन भागातला) या दोन उपजाती पाण्यात पाहून सहजासहजी ओळखू येत नाहीत. १९८६ साली डॉमनिंग आणि हायेक या संशोधकांनी त्यांचे वेगळेपण सिद्ध केले, तेही कवटीच्या मोजमापांवरून. फ्लोरिडाचा मॅनेटी सरासरीने अधिक थोराड असतो. मात्र सुमारे २० अंश सेल्सिअसहून थंड पाणी त्यालाही सोसत नाही, म्हणून हिवाळ्यात तो फ्लोरिडातील क्रिस्टल रिव्हरच्या उबदार झऱ्यांत गोळा होतो.

खरा फरक जनुकांत आहे. कोलंबियातील अँटिलियन मॅनेटींमध्ये मायटोकाँड्रियल डीएनएचे (आईकडून पिल्लांकडे जाणाऱ्या डीएनएचे) अनेक प्रकार आढळतात, तर फ्लोरिडाच्या तपासलेल्या मॅनेटींमध्ये एकच. मूठभर पूर्वजांपासून फ्लोरिडाची ही वसाहत वाढली असावी, हे स्पष्टीकरण मला पटण्याजोगे वाटते. तेथील संशोधक एकेका प्राण्याला ओळखतात ते बहुधा बोटीच्या पंख्याने पाठीवर उमटवलेल्या व्रणांवरून.