दांडिया बाजारातलं आमचं मेडिकल, बाळाला जुलाब झाले तेव्हा

बडोद्यातल्या आयांनो, हे जरूर वाचा. माझा मुलगा 8 महिन्यांचा, उन्हाळ्यात एका दिवसात सात-आठ वेळा पातळ शी, लंगोट वाळायला जागा उरली नाही आणि मी घाबरून दुसऱ्याच एका दुकानातून गोड टेट्रापॅक आणलं, ओआरएसच आहे म्हणाले, ते पाजलं तर जुलाब अजून वाढले. मग सासूबाई म्हणाल्या, अगं दांडिया बाजारात आपल्या मेडिकलवाल्या काकांकडे जा.

काकांनी आधी विचारलं, सू करतोय का, रडताना डोळ्यात पाणी येतंय का, शीतून रक्त तर नाही ना? मग डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं ओआरएसचं पाकीट दिलं आणि त्यावरचं 1 लिटर बोट ठेवून दाखवलं, अख्खं पाकीट एकदाच, उकळून गार केलेल्या पाण्यात, 24 तासांनी उरलं तर ओतून टाक. चमच्या चमच्याने पाज, उलटी झाली तर दहा मिनिटं थांब, अंगावरचं दूध मुळीच बंद करू नकोस. मी जुलाब थांबवायचं औषध मागितलं तर सरळ नाही म्हणाले, इतक्या लहान बाळाला ते द्यायचं नसतं, आजच डॉक्टरांना दाखव. डॉक्टरांनी झिंक 20 मिलिग्रॅम रोज, 14 दिवस लिहून दिलं, तेही इथेच मिळालं, आणि शी बरी झाली तरी कोर्स पूर्ण कर हे काकांनी परत बजावलं.

दुकान लहान, पार्किंग नाही, संध्याकाळी गर्दी असते. तरी मी इथेच जाते.